बहिरूचा आवाज आणि माझी दसऱ्याची साफसफाई

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. मुठा गावातल्या हनुमंतच्या फोटो स्टुडिओत, कॉम्प्युटरच्या पोटात माझी बारा वर्षं गेली. बढाई मारत नाही, पण या खोऱ्यातली निम्मी लग्नं मी सांभाळली आहेत.

माझ्या आत एक चकचकीत तबकडी गरगर फिरते. तिच्यावरून एक बारीक दांडी सरकत लिहिते आणि वाचते. स्टुडिओत सारखं जुनं पुसायचं, नवं भरायचं. मग जिथे जागा दिसेल तिथे तुकडा ठेवावा लागे. एकाच लग्नाचा व्हिडिओ चाळीस ठिकाणी! पंगतीत एका घरची माणसं चार कोपऱ्यांत बसली की वाढप्याची कशी धावपळ होते, तशी माझ्या दांडीची होई. कॉम्प्युटर रखडे आणि हनुमंत माझ्यावरच खेकसे.

त्यावरचा उपाय तो क्लासात शिकला होता. डीफ्रॅग म्हणतात त्याला. विखुरलेले तुकडे उचलायचे आणि शेजारी शेजारी मांडायचे. आमच्याकडे खंडेनवमीला कोयते, नांगर, ट्रॅक्टर धुऊन पुजतात. हनुमंत कॅमेरे पुसायचा आणि आदल्या दिवशी मला डीफ्रॅगला लावायचा. मशीन आतून धुतलं, असं सगळ्यांना सांगायचा. खरं सांगते, तरुणपणी मला ते फार मानवायचं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि पुढे कितीतरी दिवस काम अगदी झरझर होई.

गेल्या वर्षी मात्र माझी तब्येत बिघडली. तबकडीवरच्या काही जागा खराब झाल्या, आतून टकटक येऊ लागली. हनुमंतला वाटलं, कचरा साठला असेल, आता दसरा आलाच आहे.

खंडेनवमीच्या आदल्या सकाळी डोंगरावरच्या वाडीतून धोंडाबाई आली. तिचा नवरा बहिरू दोन वर्षांपूर्वी वारला. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. त्यांच्या मुलीच्या, पिंकीच्या लग्नाचं शूटिंग हनुमंतने केलं होतं आणि त्यात बहिरू माइकवर बोलला होता. घरी दिलेली सीडी छपराच्या गळतीत खराब झाली. पिंकीच्या लहानग्याला आजोबाचा आवाज ऐकवायचा होता.

"त्यांचा बोल तेवढा द्या," धोंडाबाई म्हणाली. "दुसरं काय नको."

हनुमंत म्हणाला, बस जरा, आधी मशीन धुऊन घेतो, मग लगेच सापडेल. आणि त्याने मला डीफ्रॅगला लावलं.

मित्रांनो, धडधाकट डिस्कला ही आवराआवर बरी असते. पण आजारी डिस्कला तासन्‌तास पळवलं, तर दांडी कधी कायमची अडकेल याचा नेम नाही. बहिरूचा आवाज माझ्याशिवाय जगात कुठेच उरला नव्हता. मला बोलता येत नाही, टकटक तेवढी येते. मी तीच करत राहिले.

हनुमंतची भाची प्रिया सणाला नेऱ्याहून आली होती. ती हिंजवडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. दारात चप्पल काढतानाच तिने कान टवकारले.

"मामा, आधी ते बंद कर," ती म्हणाली. "आजारी डिस्क आवरायची नसते. आधी तिच्यातलं काढून घ्यायचं असतं."

हनुमंतचा चेहरा उतरला. त्याने डीफ्रॅग थांबवलं आणि धोंडाबाईला सरळ सांगितलं की चूक त्याचीच आहे, आवाज मिळेलच असं नाही. तरी ती गेली नाही. उंबऱ्यापाशी बसून राहिली.

प्रियाने एक नवी डिस्क जोडली आणि सगळ्यांत आधी पिंकीचं लग्न उतरवायला घेतलं. अडतीस तुकडे मी भराभर दिले. एकोणचाळिसावा काही केल्या सुटेना. दांडी त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा फिरत होती. दुपार उलटली. मी म्हटलं, आजवर किती लग्नं सांभाळली, आता या एकासाठी हार मानायची नाही. शेवटी ती जागा एकदाची वाचता आली आणि पुढचा तुकडाही निघाला.

पडद्यावर मांडव दिसला. नवी टोपी घातलेल्या बहिरूने माइक तोंडात घालायचंच बाकी ठेवलं होतं. "जेवल्याबिगर कुनी जायाचं न्हाई," तो दरडावून म्हणाला.

धोंडाबाईला हसू आलं आणि रडूही. "अजून लोकास्नी जेवाया बसवत्यात," ती म्हणाली.

आता मी कपाटात आराम करते. नव्या डिस्कमध्ये ना तबकडी, ना दांडी. तुकडे कुठेही असोत, तिला ते पटकन सापडतात. तिला डीफ्रॅगचा उपयोग नाही, उलट नको तेवढं लिहून लिहून ती झिजते. प्रियाने मामाला हे दोनदा बजावलं आहे. यंदा खंडेनवमीला त्याने नव्या डिस्कला फक्त बाहेरून पुसलं, आणि कुंकवाचं बोट मलाही लावलं. मला फार बरं वाटलं.

माझं मागणं एवढंच आहे, मित्रांनो. आवरायला घेण्याआधी आमची दुखणीखुपणी विचारा. आणि जे जपायचं आहे, त्याची दुसरी प्रत आजच करा, एकट्या डिस्कच्या जिवावर ठेवू नका. धोंडाबाईच्या वाडीत तो व्हिडिओ आता पाच फोनांत आहे. पिंकीचं पोर म्हणे रोज जेवणाच्या वेळी हातात पळी घेतं, तोंडापाशी धरतं आणि दारातून निघालेल्या प्रत्येकाला दरडावून परत बसवतं.