खालची ओळ

मास्तरांनी तिचा डावा हात मनगटाशी धरला आणि सरळ तिच्या पाठीमागे नेऊन ठेवला.

"आता एकाच हातानं ताल दे. हा दुसरा नुसती नक्कल करतोय."

समोरचा गायकवृंद हसला. तीही हसली, पण तिच्या हसण्याला आवाज नव्हता. घशाच्या शस्त्रक्रियेत जीव वाचला होता, आवाज गेला होता. उरली होती ती जुन्या दाराची करकर. त्याआधी ती याच वृंदात, बायकांच्या खालच्या सुरांच्या ओळीत वर्षानुवर्षं उभी राहिली होती. आजारपणात सगळे येऊन गेले, मग येणं विरळ झालं. शेवटी येत राहिली ती एकटी नर्सबाई. ओळीत ती हिच्या शेजारी उभी राहायची.

एके दिवशी मास्तर घरी आले. त्यांचे गुडघे थकले होते, पुढं वृंद सांभाळायला कुणीतरी हवं होतं. "गळा गेला तर गेला, कान शाबूत आहेत ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हापासून ती कपाटाच्या आरशासमोर हात हलवत उभी राहू लागली. खांदे भरून यायचे. हवेत हात फिरवायलाही शिकवणी लागते का, म्हणून मुलीनं फोनवर चेष्टा केली. तिला पुष्कळ सांगायचं होतं, पण दोन वाक्यांत घसा बसायचा, आणि मुलगी समजूतदारपणे फोन ठेवायची.

ओळीत असताना खांद्याला खांदा लागायचा, शेजारणीचा श्वास ऐकू यायचा. समोर उभं राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं, की एवढ्या मोठ्या खोलीत आवाज न करणारं माणूस आपण एकटंच आहोत. मधल्या सुट्टीत ती चहाचा कप घेऊन घोळक्यात गेली की गप्पा हळूच आवरत्या व्हायच्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मास्तरीणबाईंसमोर माणसं जरा जपून बोलतात, इतकंच.

कार्यक्रम तोंडावर आला तेव्हा मास्तरांनी संथ गाणं तिच्या हवाली केलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. खालच्या ओळीतला एक आवाज सारखा उतरत होता. तिनं गाणं थांबवलं, पुन्हा सुरू केलं, दोघीदोघींना गायला लावलं. खरं तर तो आवाज कुणाचा, ते तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.

तालमीनंतर मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, की नर्सबाईला आता तूच सांग. मी सांगितलं तर तिला जास्त लागेल.

नर्सबाई जिन्याखाली पिशवी आवरत होती. हिनं जवळ जाऊन, जेमतेम फुटणाऱ्या आवाजात विचारलं,

"या कार्यक्रमाला... तू श्रोत्यांत बसशील का?"

नर्सबाईनं पिशवीची चेन शेवटपर्यंत ओढली.

"मी वाटच बघत होते, तुला कधी ऐकू येतंय त्याची."

"म्हणजे?"

"अगं, मी कधी सुरात होते? तुझा आवाज कानाशी असायचा, त्याला धरून जायचे. आता धरायला काही नाही." रुग्णाच्या नातेवाइकांना ताप किती ते सांगावं, तशा सुरात ती बोलली. "बसते मी. ऐकायलाही कुणीतरी लागतंच."

कार्यक्रम चांगला झाला. संथ गाण्यात खालची ओळ अशी लागली, की मागच्या पडद्याआडून मास्तरांनी मान डोलावलेली तिला दिसली. टाळ्या पडल्या. तिनं वळून वाकून नमस्कार केला. मग सगळे मास्तरांभोवती जमले, कुणी फोटो काढू लागलं. तिच्याशीही दोघंचौघं आदरानं बोलले. ती आपला कोट घेऊन बाजूच्या दारानं बाहेर पडली.

पायरीवर नर्सबाई उभी होती.

"खालची ओळ?" हिनं विचारलं.

"एकदम चोख."

दिवेलागण केव्हाच होऊन गेली होती. दुकानं बंद होत होती. चालता चालता नर्सबाई हिच्या डाव्या बाजूला आली आणि तेच संथ गाणं गुणगुणू लागली. दुसऱ्याच ओळीला सूर उतरला. हिच्या कानाला तो बोचला. हाताची बोटं आपोआप वर उचलली गेली. हिनं ती कोटाच्या खिशात घातली.

मग हिनं गायला तोंड उघडलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच. बाहेर आली ती नुसती खरखर, ना वरची ना खालची.

ओळीत उभी असताना करायची तशी नर्सबाईनं मान हिच्याकडे कलती केली, त्या खरखरीला कान लावला, आणि पुढची ओळ धरली.