शुक्रवारच्या गोळ्या

सलग तिसऱ्या शुक्रवारी उखा सैंदाणेच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर तशीच पडून राहिली, तेव्हा विशाखाताईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि आतल्या खोलीत जाऊन धर्मेंद्रभाईंना विचारलं. प्रोबेशन अधिकारी धर्मेंद्रभाई एका अर्जावर सही करत होते. त्यांनी मान वर न करताच गुजरातीत सांगितलं, "एनुं तो पती गयुं, बेन." त्याचं तर संपलं, म्हणजे उखाचं देखरेखीचं वर्ष भरलं होतं. देखरेख संपल्याचा कागद तो अठरा दिवसांपूर्वी घेऊन गेला होता आणि जाताना साहेबांच्या पाया पडला होता.

विशाखाताई परत व्हरांड्यात येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. हे टेबल, वजनकाटा, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि एक रजिस्टर, एवढाच त्यांचा संसार या कचेरीत अकरा वर्षं होता. त्या सरकारी नोकर नव्हत्या, एका संस्थेने त्यांना इथे बसवलेलं होतं. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने ज्यांना तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेलं असतं, ती माणसं महिन्याला साहेबांकडे हजेरी द्यायला येत. हजेरी झाली की ताईंच्या टेबलाशी यायचं. झोप लागते का, जेवता का, पिणं कितपत सुटलं, घरी कोण बोलतं, हे सगळं ताई विचारत. कोणी सांगत, कोणी भिंतीकडे बघत बसे. साहेबांच्या अहवालात वर्तन आणि रोजगार असे दोन रकाने होते. तब्येतीचा रकाना नव्हता. सुरुवातीला ताई त्यावरून भांडायच्या. हल्ली भांडत नसत, कारण भांडायलासुद्धा अंगात रक्त लागतं.

उखा शहराच्या लिंबायत भागात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर. होळीच्या दिवशी दारूच्या भरात त्याने शेजारच्या लूमवाल्याच्या कपाळात दांडा घातला होता. सात टाके पडले. भानावर आल्यावर उखाच त्या शेजाऱ्याला दवाखान्यात घेऊन गेला, आणि कोर्टानेही ते ध्यानात घेतलं. वर्षभर त्याची हजेरी एकदाही चुकली नाही. सातव्या महिन्यात त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं आणि तपासणीत क्षय निघाला. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. उखा म्हणाला, लूमवर सगळेच खोकतात, आणि उठून गेला. पुढच्या वेळीही तेच म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळी ताईंना सकाळपासून एकवीस माणसं झाली होती, गुडघा ठणकत होता आणि समजावायचे शब्द संपले होते. त्या म्हणाल्या, "उखाभाऊ, गोळ्या कोर्टानेच लिहिल्यात. नाही घेतल्या तर मला साहेबांना कळवावं लागेल."

उखाचा चेहरा बदलला. त्याने दोन्ही हात पुढे केले.

सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते खोटं नाही. कोर्टाचं नाव घेतल्यावर या गड्याने एक गोळी चुकवली नाही. शुक्रवारी यायचा, आठवड्याभराच्या रिकाम्या पट्ट्या लूमच्या धाग्याने बांधून पुरावा म्हणून पुढे ठेवायचा, त्या दिवसाची गोळी ताईंसमोर घ्यायचा आणि तोंड उघडून दाखवायचा. तोंड उघडायला ताईंनीच शिकवलं होतं. मग त्या त्याच्या गोळ्यांच्या कार्डावर संस्थेचा जांभळा शिक्का मारायच्या. शिक्क्याची तशी काही गरज नव्हती, पण त्याशिवाय उखा हलायचा नाही. तीन महिन्यांत चार किलो वजन वाढलं. ताईंना आपल्या खोट्याचा थोडा अभिमानसुद्धा वाटायला लागला होता. शिक्षा संपली की गोळ्याही संपल्या असंच उखा समजणार, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. अकरा वर्षं या कचेरीत काढून ते डोक्यात येऊ नये, याचा आज त्यांना स्वतःचाच राग आला.

त्यांनी क्षयाच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, महिना उलटायच्या आत सुरू केल्या तर आहे तिथून पुढे जाता येईल. उलटला तर पुन्हा तपासण्या, आणि मग याच गोळ्या लागू पडतील याची खात्री नाही. धर्मेंद्रभाईंनी हे ऐकलं आणि हसत सुचवलं की जाऊन सांगा, कोर्टाने तीन महिने वाढवलेत. असं सुचवलेलं ते स्वतः लगेच विसरूनही गेले असतील. पण ताईंनी पिशवी उचलली, शिक्का आणि शाईचं पॅड पर्समध्ये टाकलं आणि लिंबायतची रिक्षा पकडली. एक खोटं बोललंच होतं, त्याच खोट्याला तीन महिन्यांचं ठिगळ लावायचं, एवढंच काम होतं.

रिक्षात पाच माणसं कोंबलेली होती. ताई काय बोलायचं ते मनात घोळवत बसल्या.

उखाची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि खालच्या मजल्यावर लूम. जिना पायाखाली थरथरत होता. प्रत्येक मजल्यावर थांबत ताई वर पोचल्या तेव्हा दारातच उखाची बायको तारा साड्यांच्या ढिगात बसून टिकल्या चिकटवत होती. तिने घाईघाईने जागा केली, पाणी दिलं. उखाची रातपाळी होती. मागच्या बाजूला पडद्याआड तो झोपला होता.

"उठाडू का?" तिने विचारलं. ताई म्हणाल्या, थोडं थांबू या, मलाही दम खाऊ द्या.

तारा खुशीत होती. तिने देवांच्या फोटोशेजारी लावलेला कागद दाखवला. देखरेख संपल्याचा तो हुकूम प्लास्टिकमध्ये मढवून आणला होता. गल्लीत कोणाला वाटलं नव्हतं हा माणूस वर्ष धड काढील म्हणून, असं ती सांगत होती. पिणं सुटलं, मारामारी सुटली, गोळ्यासुद्धा एका दिवसाच्या चुकल्या नाहीत. आणि मग, नवरा किती इमानी हे ताईंना पटावं म्हणून, तिने ते सांगितलं.

सासू गावी, शिंदखेड्याकडे, एका गुरुवारी सकाळी वारली. साहेबांनी दुपारीच गावी जायची परवानगी लिहून दिली. उधना स्टेशनवरून रात्रीची गाडी होती. थोरला मुलगा म्हणून उखा येईपर्यंत भावकी थांबणार होती. उखाने पिशवीही भरली.

"पन दुसरा दिवस शुक्रवार व्हता ना, ताई," तारा म्हणाली. "मी म्हनू, जा. तं म्हने, गावनी सुट्टी भेटनी, गोळीनी कोठे भेटनी? कोर्टना हुकूम शे."

शेवटी धाकट्या दिराने आग दिली. उखा मग दहाव्याला गेला, पण गावात कोणी त्याच्याशी धड बोललं नाही. जन्मदात्या आईला खांदा द्यायला ज्याला सवड झाली नाही, त्याच्याशी काय बोलायचं? तारा हे सांगताना टिकल्या लावतच होती.

 तो शुक्रवार त्यांना आठवला. त्या दिवशी उखा अकराच्या सुमाराला आला होता, म्हणजे तिकडे आईला उचलली असेल त्याच वेळी. त्याने पट्ट्या ठेवल्या, गोळी घेतली, तोंड उघडून दाखवलं. आपण काट्यावर त्याचं वजन केलं, ते अर्धा किलो वाढलेलं निघालं, आणि आपण म्हणालो, शाब्बास, असंच चालू द्या. रजिस्टरमध्ये लिहिलं, प्रकृती ठीक. झोप लागते का, जेवता का, घरी कोण बोलतं, हे सगळ्या जगाला विचारणाऱ्या बाईने त्या दिवशी त्याला काहीच विचारलं नव्हतं. शिक्का मारून पुढच्या माणसाला हाक मारली होती.

त्यांना फार लाज वाटली. इतकी, की काही न बोलता उठून जिना उतरून जावं असं वाटलं. पण पिशवीतल्या गोळ्या घेऊन जिना उतरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

बोलण्याच्या आवाजाने उखा जागा झाला. पडदा सारून बाहेर आला आणि ताईंना बघून घाबरला. त्याची नजर आधी भिंतीवरच्या कागदाकडे गेली.

"काही चुकनं का मन्ह?"

आता सांगणं सोपं होतं. कोर्टाने वाढवलंय, एवढे दोन शब्द. उखाने दोन्ही हात पुढे केले असते, तीन महिने दर शुक्रवारी आला असता आणि खडखडीत बरा झाला असता. खरं सांगितलं तर तो काय करील याचा भरवसा नव्हता. चिडून पिशवी खाली फेकली असती, तर बारा दिवसांनी महिना उलटणार होता. पर्समध्ये शिक्का होता.

"तुमचं काही चुकलं नाही, उखाभाऊ," ताई म्हणाल्या. "माझं चुकलं. गोळ्या कोर्टाने लिहिल्या नव्हत्या. तुम्ही ऐकत नव्हतात, म्हणून मी खोटं बोलले."

ताराचा हात थांबला. खाली लूम धडधडत होते. उखा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. त्याला समजायला वेळ लागत होता, की समजलेलं पटायला, ते ताईंना कळेना. मग ताईंकडे न बघताच त्याने विचारलं.

"मंग त्या शुक्रवारले मी गावले जातू, तं चालतं?"

ताईंना वाटलं, निदान इथे तरी थोडं सावरून घ्यावं, पण आता पुन्हा खोटं नको होतं.

"चाललं असतं," त्या म्हणाल्या. "गोळी तुम्ही गाडीतसुद्धा घेऊ शकला असता."

उखाने मान हलवली. रडला नाही, चिडला नाही. होळीच्या दिवशी दांडा उचलणारा माणूस हाच का, असं कोणालाही वाटलं असतं. ताईंना वाटत होतं त्याने दोन शिव्या तरी द्याव्या, पण तेवढंही त्याने त्यांना दिलं नाही.

मग त्यांनी उरलेलं सगळं सांगून टाकलं. या तीन महिन्यांच्या गोळ्या कोणाच्या हुकमाच्या नाहीत, तुमच्या छातीच्या आहेत. आता सोडल्या तर रोग पुन्हा उठेल आणि तारालाही लागेल. त्या कचेरीत पाय ठेवायची आता गरज नाही, इथल्या सरकारी दवाखान्यात मिळतील, मी कागद बदलून देते. माझं तोंड बघायचं नसेल तर नका बघू, पण गोळ्या घ्या. तुमच्यावर कोणाची सक्ती नाही.

"कोनीच नही?" उखाने विचारलं.

"कोणीच नाही."

तो उठला. देवांशेजारचा तो मढवलेला कागद थोडा तिरका झाला होता, तो त्याने सरळ केला. मग ताईंसमोरची पिशवी उचलली, आतल्या पट्ट्या बाहेर काढून उलटसुलट बघितल्या, जणू पहिल्यांदाच बघत होता.  ताराने माठातून पेलाभर पाणी आणून त्याच्याजवळ ठेवलं आणि पुन्हा साड्यांपाशी जाऊन बसली.

उखाने तीन गोळ्या तळहातावर काढल्या आणि एकेक करून गिळल्या. शेवटची गिळून झाल्यावर सवयीने त्याची मान वर झाली, ओठ उघडले, ताई बघतील म्हणून तो त्यांच्याकडे वळलादेखील. मग थांबला. त्याने तोंड मिटून घेतलं आणि पेल्यातलं उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं.