केशरी वरच पाहिजे

आमच्या डॉक्टर प्रल्हाद सरांना जगातलं सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं ते जगानेच चुकीचं करून ठेवलेलं असतं. माणूस हाडांचा डॉक्टर. आयर्लंडच्या मीथ परगण्यात, नावन गावी वीस वर्षं काढली, घर बांधलं आणि मीथ मराठी मित्रमंडळाचे तहहयात अध्यक्ष झाले. तहहयात हा शब्द मंडळाच्या घटनेत नाही, पण निवडणूक हाही नाही. मी कौमुदी, मंडळाची चिटणीस. म्हणजे खुर्च्या मांडणारी, पोह्यांची ऑर्डर देणारी आणि सरांच्या प्रत्येक मेसेजवर सगळ्यांत आधी अंगठा उमटवणारी.

यंदा सव्वीस जानेवारी रविवारी आली आणि सरांना कल्पना सुचली. हॉस्पिटलातल्या परदेशी सहकाऱ्यांना बोलवायचं, स्टेजवर प्रत्येकाच्या देशाचा झेंडा लावायचा, रंगांचा अर्थ सरांनी सांगायचा आणि मग पाहुण्याने दोन वाक्यं बोलायची. त्यांच्याच झेंड्याचा अर्थ त्यांना आमचे सर सांगणार! पण बोलणार कोण? सगळे म्हणाले, वा सर.

फिलिपिन्स आणि नायजेरियाची मंडळी लगेच तयार झाली. आर्मेनियाची हास्मिक मात्र नाही म्हणाली. हास्मिक आमच्या ऑपरेशन थिएटरची नर्स. मी पेशंटला भूल देते, ती सर्जनच्या हातात अवजारं देते. चार वर्षं आम्ही एकाच टेबलाशी उभ्या आहोत. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने मास्क खाली केला आणि म्हणाली, "येईन, पण एका अटीवर."

तिचा भाऊ आर्सेन दुसरीच्या वर्गाचा मास्तर होता. दोन हजार वीसमध्ये शेजारच्या देशाशी लढाई झाली, त्यात गेला. गेला म्हणजे परत आला नाही. देह मिळाला नाही, म्हणून मयत झाली नाही. कुणी जमलं नाही, कुणी त्याचं नाव घेऊन चार शब्द बोललं नाही. तिकडे येरेवानमध्ये त्यांच्या आईला तेच लागून राहिलंय, की माझ्या पोरासाठी माणसं उभी राहिली नाहीत.

"झेंड्याचा अर्थ मी सांगेन," हास्मिक म्हणाली. "तो वर्गात मुलांकडून म्हणवून घ्यायचा, तसाच. आई फोनवर बघेल. तू फोन धरशील?"

"धरेन की," मी म्हटलं. सरांनीही मोठ्या मनाने परवानगी दिली. म्हणाले, "बोलू दे तिला. आधी मी भूमिका मांडतो."

रविवारी सकाळी गावातल्या एका क्लबच्या हॉलमध्ये आम्ही मागच्या पडद्यावर झेंडे टाचत होतो. आर्मेनियाचा झेंडा म्हणजे तीन आडवे पट्टे. वर लाल, मध्ये निळा, खाली केशरी. मी तसा लावला. सर आले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "अगं, उलटा लावलायस."

"नाही सर, लाल वर असतो."

"केशरी वर असतो, कौमुदी. शाळेत गेली होतीस ना?"

"तो आपला, सर. यांचा वेगळा आहे." मी फोनवर चित्र शोधून दाखवलं.

सरांनी बघितलंसुद्धा नाही. "इंटरनेटवर काहीही असतं," ते म्हणाले. आणि मग मला त्यांच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचून दाखवला. ते काय इंटरनेट होतं? छे, तो अभ्यास होता! त्यात म्हटलं होतं की पूर्वी आर्मेनियात हिंदू राहत होते आणि झेंड्यातला भगवा त्यांच्यामुळेच आला. "त्यागाचा रंग खाली, पायाशी? कुठला देश असं करेल?"

बाहेर क्लबच्या दारावर आयर्लंडचा झेंडा फडफडत होता. त्यात केशरी सगळ्यांत शेवटी आहे आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण पुढच्या आठवड्यात माझी गॉलवेच्या हॉस्पिटलात नोकरीची मुलाखत होती आणि शिफारसपत्र सरांचं होतं. मी मूग गिळून खुर्चीवर चढले, पिना काढल्या आणि झेंडा उलटा केला. सर म्हणाले, "आता कसं!"

खोटं कशाला बोलू, नंतर वेळ होता. सर जेवणाची व्यवस्था बघायला गेले, चांगली वीस मिनिटं. चार पिनांचं काम. मी समया पुसत बसले. हास्मिकला एक मेसेज तरी टाकायचा, तोही टाकला नाही. सरांना मनातल्या मनात शिव्या घालत होते आणि तेवढ्यावर स्वतःला फार शूर समजत होते.

दोन वाजता हॉल भरला. साठ-सत्तर माणसं, निम्मे डॉक्टर, निम्मे कॉम्प्युटरवाले. मागे पोरं आयरिश इंग्रजीत कालवा करत होती. हास्मिक काळा ड्रेस घालून आली. तिने आईला फोन लावून माझ्या हातात दिला. फोनच्या पडद्यावर एक म्हातारी, केस नीट विंचरलेले, गळ्याशी ब्रोच. मी पहिल्या रांगेत बसून फोन स्टेजकडे धरला.

आर्मेनियाची पाळी आली आणि सरांनी भूमिका मांडली. बारा मिनिटं! वरचा भगवा म्हणजे त्याग, मधला निळा म्हणजे श्रीकृष्ण, खालचा लाल म्हणजे सौभाग्याचं कुंकू. अकलेचे तारे तोडावेत ते किती! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, एका हातात फोन होता म्हणून वाचले.

मग हास्मिक स्टेजवर गेली. तिने झेंड्याकडे बघितलं आणि थांबली. माझ्या हातातल्या फोनमधून म्हातारीने मोठ्याने काहीतरी विचारलं. हास्मिकने स्टेजवरूनच तिच्या भाषेत उत्तर दिलं, दोन-तीन वाक्यं. म्हातारीने तोंडावर हात धरला.

"मी खालून सुरुवात करते," हास्मिक इंग्रजीत म्हणाली. सरांनी मान डोलावली, जणू त्यांनीच सुचवलं होतं.

"लाल म्हणजे आमचे डोंगर आणि त्यांच्यापायी सांडलेलं रक्त. झेंड्याच्या कायद्यात यापेक्षा लांबलचक लिहिलंय, पण माझा भाऊ आर्सेन मुलांना एवढंच सांगायचा. निळा म्हणजे आभाळ. तो विचारायचा, कसलं आभाळ? मुलं ओरडायची, ज्यातून काही पडत नाही ते! आणि हा तिसरा. आम्ही याला जर्दाळूचा रंग म्हणतो. हा काम करणाऱ्या हातांचा. हे तीन रंग एकोणीसशे अठरात आले आणि दोन वर्षांत गेले. मग सोव्हिएत राज्य, सत्तर वर्षं दुसराच झेंडा. नव्वदमध्ये हे परत आले. आर्सेन सांगायचा, घरी यायला कधी कधी सत्तर वर्षं लागतात. आपण वाट बघायची." ती थांबली. "त्याचं नाव आर्सेन होतं. एवढंच."

आधी एक आजोबा उठले, मग सगळा हॉल उभा राहिला. दोन मिनिटं कुणी हललं नाही. सरही उभे होते, छातीवर हात ठेवून, जणू शोकसभा त्यांनीच बोलावली होती.

हास्मिक खाली उतरून माझ्याशेजारी आली आणि फोन तिने स्वतःच्या हातात घेतला. फोनमध्ये तिची आई रडत होती आणि माझ्याकडे बघून भराभर बोलत होती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"तुझे आभार मानतेय."

"माझे? का?"

हास्मिकने फोनचा कॅमेरा बोटाने झाकला. "तिने विचारलं, झेंडा उलटा का. म्हटलं, भारतात कुणी गेलं की असाच लावतात. तुम्ही आर्सेनसाठी मुद्दाम लावलात." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बोट काढलं आणि फोन पुन्हा माझ्यापुढे धरला. म्हातारी डोळे पुसत काहीतरी म्हणाली.

"म्हणतेय, आमच्या देशात कुणी एवढं केलं नाही," हास्मिकने सांगितलं. "हात जोड. तिला वाईट वाटेल."

मी हात जोडले.