मला रस्त्याचं काम म्हणाली

मित्रांनो, मी शिलाईची एक जुनी पायमशीन आहे आणि माझी तक्रार या घरच्या सूनबाईबद्दल आहे. तोंडाने गोड, हाताने कामसू, डोक्याने तर घरात सगळ्यांच्या पुढे. पण भर वर्गात तिने मला रस्त्याचं काम म्हटलं. ज्या मशीनने हे घर उभं केलं, तिला रस्त्याचं काम. आधी नीट ऐका, मग ठरवा चूक कुणाची.

माझा जन्म कारखान्यातला. ओतीव लोखंडाचं अंग, त्यावर काळा रंग आणि कपाळावर सोनेरी वेल. सासूबाईंनी मला घरी आणलं तेव्हा त्या स्वतःच नव्या सून होत्या. शाळा लवकर सुटलेली, अक्षरं जोडून जोडून वाचायच्या. जीभ मात्र माझ्या सुईपेक्षा तीक्ष्ण. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, जरा घट्ट झालाय," तर म्हणत, "कपडा तेवढाच आहे, तुम्ही वाढलात." तरी गिऱ्हाईक परत येई, कारण दिलेला दिवस बाईंनी कधी चुकवला नाही. आम्ही दोघींनी मिळून शाळांचे गणवेश शिवले, दवाखान्याचे पडदे शिवले. मुलगा माझ्या पायडलशी खेळत वाढला आणि नोकरीला लागला. माझी वेल झिजली, अंगात खडखड आली. सासूबाई न चुकता माझ्या सांध्यांत तेल घालत आणि स्वतःच्या गुडघ्यांना चोळायचं विसरत.

मग सूनबाई आली, कॉम्प्युटर शिकलेली. तिला त्यातच एम.एस्सी. करायची होती. नवरा कुरकुरला, "आता आणखी कशाला?"

"तू गप बस," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या अकलेवर घर किती पुढे गेलं ते बघितलं. आता तिची लावून बघू."

काही तास कॉलेजात असत, काही घरूनच. घरात नेट धड येई ते एका खिडकीपाशी आणि त्या खिडकीपाशी मी. म्हणून माझ्या डाव्या फळीवर लॅपटॉप बसला. प्रोग्राममधल्या एका टिंबापायी सूनबाई सकाळभर पडद्याकडे बघत राही. "सुईत दोरा जात नाहीये वाटतं," सासूबाई म्हणत आणि दोघी हसत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची सून मास्टर होतेय." कुणी विचारलं, "कपडे कापायला का?" तर म्हणत, "नाही, लोकांचे कान कापायला."

एका दुपारी सूनबाईला वर्गासमोर बोलायचं होतं. सासूबाई माझ्यावर गणवेशांना टीप मारत होत्या. सर मध्येच थांबले. "तुमच्याकडे हा खडखडाट कसला?"

पडद्यावर सगळी मुलं आपापल्या नीटनेटक्या, शांत खोल्यांत बसलेली. सूनबाईचे कान लाल झाले. "सर, बाहेर रस्त्याचं काम चाललंय."

सासूबाईंचा पाय जागीच थांबला. त्यांनी अर्धी टीप तशीच सोडली आणि गणवेशाची घडी घातली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. खडखड तर माझीच ना? मी मऊ चालले असते, तर त्या पोरीच्या तोंडून तसं का निघालं असतं?

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला की सासूबाई पायडलवरून पाय काढून घेत आणि उजव्या हाताने चाक फिरवत. एकेक टाका, चोरासारखा. खांदा भरून आला, कामं साचली. आणि दिलेला दिवस पहिल्यांदा चुकला. गिऱ्हाईक दारातून बडबडत गेलं. सासूबाई मान खाली घालून सुई पुसत राहिल्या.

वर्गात सर म्हणाले, "झाला वाटतं तुमचा रस्ता?" सूनबाईला 'हो' म्हणावं लागलं. सगळे हसले, तिलाही हसावं लागलं. त्या दिवशी तिला घास गेला नाही. संध्याकाळी ती सासूबाईंचा खांदा चोळत बसे, काही बोलायला तोंड उघडे, तोच सासूबाई म्हणत, "चोळ, तोंड नको चालवू."

घरूनच द्यायच्या शेवटच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, "संध्याकाळी भंगारवाला येतोय. ही मशीन गेली की तिथे तुला अख्खं टेबल मांडता येईल." मित्रांनो, लोखंडालाही थंडी वाजते. सूनबाई पांढरीफटक पडली.

दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, भांडंसुद्धा वाजू देईनात. सूनबाईने लॅपटॉप असा वळवला की त्यात मी दिसावी. मग हाक मारली, "आई, गणवेश राहिलेत ना? या, शिवायला बसा."

"परीक्षा आहे ना तुझी?"

"म्हणूनच बसा."

त्या आल्या, ताठ मानेने. पण पाय पायडलला लागेना. सूनबाई पडद्याकडे वळली. "सर, आमच्याकडे रस्त्याचं काम कधीच नव्हतं. ही माझ्या सासूबाईंची मशीन. त्यांच्याच जोरावर मी शिकतेय आणि मला त्यांचीच लाज वाटली. म्हणून खोटं बोलले. आज ती चालू राहील."

सर चष्मा सारखा करत म्हणाले, "मग तुम्ही थोडं मोठ्याने बोला."

पाय पडला. मी खडखडले, अगदी पोटातून. सूनबाईचा आवाज आधी माझ्याखाली बुडला, मग चढला. एका प्रश्नाला ती अडखळली, तेव्हा सासूबाईंचा पायही मंद झाला. उत्तर सापडलं तसा पुन्हा धावला. मार्क यायचे तेव्हा येतील. संध्याकाळी भंगारवाला आला, त्याला सूनबाईने उंबऱ्यातूनच सांगितलं, "आमच्या घरात भंगार नाही."

मित्रांनो, वस्तू जुनी झाली की वाजणारच. तिला दोन थेंब तेल द्या, फडकं मारा. आणि कुणी विचारलं, हा आवाज कसला, तर तिचं खरं नाव सांगा. एवढंच मागणं आहे.

आणि चूक कुणाची, ते सासूबाईंनीच सांगून टाकलं. सूनबाई डोळे पुसत माझ्याशेजारी उभी होती. सासूबाईंनी गणवेशाचा दोरा दाताने तोडला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खोटं बोललीस, ते मी केव्हाच गिळलं. पण रस्त्याचं काम म्हणालीस, ते काही घशाखाली उतरत नाही. रस्त्याचं काम कधी वेळेवर झालेलं पाहिलंयस तू? माझा जन्मात एकदाच दिवस चुकला, तो तुझ्यापायी. आता रडू नकोस. बस खाली. हे गणवेश उद्या द्यायचेत, आणि मास्टर झालीस तरी त्यांची काजं तुलाच करायचीत."