ऐकू न आलेले ठोके

मित्रांनो, मी ऑपरेशनच्या वॉर्डातले एक जुने बीपीचे यंत्र आहे. काचेची नळी, तिच्यात पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. आता आकडे आपोआप दाखवणारी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात बसले. तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे. माझ्या पेटीवर लोक चहाचा कप ठेवतात.

दरवर्षी नर्सिंगच्या मुली वॉर्डात शिकायला यायच्या, त्यांची मात्र फार आठवण येते. कोरे पांढरे बूट, कडक इस्त्री आणि चेहरे असे, जणू त्याच पेशंट. आल्या आल्या आपण जीव वाचवणार, असे त्यांना वाटायचे. वाट्याला यायचे चादरी ताणणे, बेडपॅन देणे आणि मोठ्या सिस्टरांची बोलणी. सिस्टरांचा पारा माझ्यापेक्षा भराभर चढायचा. मुलींचे पाय सुजायचे, एखादी चादरींच्या खोलीत जाऊन रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

त्यांतलीच एक चिमणी. आवाज बारीक, म्हणून वॉर्डाने ठेवलेले नाव. एका सकाळी तिने मला पोटाचे ऑपरेशन झालेल्या आजोबांच्या दंडाला बांधले. स्टेथोस्कोप कानांत घालून फुगा दाबला, हळूहळू हवा सोडली, कान टवकारले. ठोके काही ऐकू येईनात. पुन्हा केले, तरी तेच.

शेजारची मैत्रीण कुजबुजली, "अगं, एकशेवीस-ऐंशी लिहून टाक. मला ऐकू आलं नाही की मी तेच लिहिते."

असे किती एकशेवीस-ऐंशी मी मुकाट्याने गिळले होते! यंत्राला तोंड नसते ना.

चिमणीने पेनाचे टोपण काढले. सिस्टरांचा शेरा वाईट मिळाला तर वॉर्डातली सगळी शिकाऊ पाळी पुन्हा करावी लागणार, हे तिला माहीत होते. तरी टोपण परत लावून ती थेट सिस्टरांपुढे गेली.

"सिस्टर, मला बीपी ऐकू आलं नाही."

"कान घरी ठेवून आलीस का गं?"

"दोनदा लावलं, सिस्टर. आजोबांचा हातही गार लागतोय."

सिस्टर धावल्याच. त्यांनी मला लावले तेव्हा पारा पार खाली आल्यावर कुठे एक क्षीण ठोका लागला. आजोबांच्या पोटात आतून रक्त वाहत होते. डॉक्टर आले आणि त्यांना तातडीने पुन्हा ऑपरेशनला नेले.

दुपारी निरोप आला, आजोबा वाचले. चिमणी भिंतीला टेकून रडू लागली. सिस्टरांनी तिला पाणी दिले. म्हणाल्या, "कान सवयीनं तयार होतात, पोरी. खोटा आकडा लिहायची सवय लागली, तर ती कोण सोडवणार?" मैत्रीण खाली मान घालून ऐकत होती. मग ती उठली आणि आपल्या सगळ्या पेशंटांचे बीपी तिने नव्याने घेतले.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या वॉर्डात पाऊल ठेवतील. ओरडा बसेल, चुकाल, रडाल; त्यात लाज नाही. आम्हा यंत्रांना पुसून ठेवा, आमच्या नळ्या मुरगळू नका. आणि ऐकू आले नाही, तर 'नाही आले' म्हणा. पलंगावरचा माणूस तुमच्या भरवशावर डोळे मिटून पडलेला असतो.