शार्कच्या पानावरची खूण

मी गोष्टींचं पुस्तक. बोलणं हा माझा धंदाच, पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं पहिल्यांदाच सांगतोय, तेव्हा थोडं अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझ्यात सात गोष्टी आणि सात मोठी रंगीत चित्रं आहेत. सगळी घर राखणाऱ्या पूर्वजांची. आमच्या हवाई बेटांवर माणूस गेला म्हणजे अगदीच गेला, असं कुणी धरत नाही. कुणाचा खापरपणजोबा घुबड होऊन डोंगरात वाट दाखवतो, कुणाची पणजी कासव होऊन किनाऱ्याशी घुटमळते, कुणाचा पूर्वज शार्क होऊन होडीच्या कडेने पोहतो. ज्या घराचा जो राखणदार, त्याला त्या घरानं मारायचं नाही, खायचं नाही, आणि दिसला की ओळख द्यायची.

माझ्या गोष्टी होनोलुलूच्या एका निवृत्त शिक्षिकेनं फार मन लावून लिहिल्या. चित्रं मात्र ज्यानं काढली, तो शार्कला आयुष्यात फक्त काचेपलीकडून भेटला होता. त्यानं त्याला हे एवढे दात दिले, डोळ्यांत लाल रंग भरला. राखणदार कसला, दरोडेखोरच दिसतो. मला स्वतःला ते पान उघडायचा संकोच वाटायचा, पण पुस्तकाला कोण विचारतं?

छापखान्यातून मी निघालो तो मोलोकाई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा वाचनालयात आलो. खोली एकच. खिडकीबाहेर आंब्याचं झाड आणि त्याच्या पलीकडे समुद्र. इथे मला एक गोष्ट कळली. इतर गावांत लोक गोष्ट वाचतात. इथे ती तपासतात. कारण माझ्यातली माणसं त्यांच्या घरातली होती! एकानं कासवाच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, "आमची पणजी इतकी जाडी नव्हती." दुसरीनं घुबडाशेजारी बाण काढला, "हे नेहमी डावीकडून येतं." मी रागावलो नाही. आपल्या अंगावर कुणी आपुलकीनं रेघोट्या माराव्यात, हे सगळ्याच पुस्तकांच्या नशिबी नसतं.

पण एक जण लिहीत नसे. तूतू केआला. तूतू म्हणजे आजी. ती सगळ्या गावाचीच आजी होती. एका दुपारी ती आली, शार्कचं पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मेल्यानं आमच्या आजोबांचं काय करून ठेवलंय!" मग केसांतली पेन्सिल काढून तिनं शार्कच्या पांढऱ्या पोटावर एक चंद्रकोर काढली आणि पोहायच्या परावर दोन खाचा. इतक्या जोरानं, की मला पाठीमागच्या पानापर्यंत कळ लागली.

ती त्यांच्या शार्कची खूण होती. त्या घराची रीत अशी, की खूण तोंडानं सांगायची नाही. म्हाताऱ्यानं ओल्या वाळूत काढायची, लाटेनं पुसायची, आणि मग पोरानं आठवून पुन्हा काढायची. तूतूच्या आजीनं तिला तशी दिली. तिनं मुलाला दिली. तो लास वेगासच्या हॉटेलात नोकरीला गेला आणि तिकडेच राहिला. राहता राहिला नातू पालानी. तो दहा वर्षांचा असताना ती त्याला किनाऱ्यावर घेऊन गेली, तर तो हसला. म्हणाला, "मासा तो मासा, तूतू." तिनं वाळूवरून पाय फिरवला आणि म्हणाली, "विचारशील तेव्हा दाखवीन."

तो विचारेना आणि ती दाखवेना. दोघांचा हट्ट एकाच घराण्यातला. दरम्यान तिची नजर अधू होत गेली, हात कापायला लागले. म्हणून तिनं ती खूण माझ्याकडे ठेवली होती. दर गुरुवारी ती यायची, मला खिडकीशी धरायची, पांढऱ्यावर तो काळा डाग अजून आहे ना एवढं बघायची आणि घरी जायची. इकडे पालानी रोज भाला घेऊन पाण्यात उतरायचा. पकडलेल्या माशांवर शार्क आला तर तो भाला त्याच्यावरही रोखायचा. त्यांतला आपला कोणता, हे त्याला ठाऊक नव्हतं. तूतूला भीती होती ती तेवढ्याचीच.

मग हौनानी आली. पालानीची नवी बायको, माहेर माऊई बेटावरच्या डोंगरात, राखणदार घुबड. मितभाषी मुलगी, बघायची जास्त, बोलायची कमी. लग्नाला तीन महिने झाले होते आणि सासरी अजून तिला "घुबडाकडची" म्हणत. "घुबडाकडचीला पोई ढवळता येते का बघा," असं. ती हसून ढवळायची. पोईसाठी अळूचे कंद दोन्हीकडे सारखेच कुटतात, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला आमच्या वाचनालयात काम मिळालं.

पहिल्याच आठवड्यात वरून चिठ्ठी आली, की लिहिलेली, रेघोट्या मारलेली पुस्तकं काढून टाकावीत. हौनानीनं मला उघडलं, तर पानोपानी पेन्सिल. मला वाचवायचं म्हणून ती खोडरबर घेऊन बसली. चार दिवस! जाडी पणजी गेली, डावीकडचा बाण गेला. शार्कच्या पानावर तिला सगळ्यांत जास्त घासावं लागलं. शेवटी फुंकर मारून ती मलाच म्हणाली, "आता कसा दिसतोस! तुला कोण काढतंय बघू." मला ओरडता आलं असतं तर छप्पर उडालं असतं.

गुरुवारी तूतू आली. मला खिडकीशी धरलं. जवळ धरलं. आणखी जवळ.

"हे कुणी पुसलं?"

"मी, तूतू," हौनानी कौतुकाच्या आशेनं म्हणाली. "पुस्तक टाकून देणार होते ना, म्हणून..."

तूतूनं काय गेलं ते सांगितलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट. मग काठी उचलून म्हणाली, "तुझा दोष नाही. घुबडाकडचीला समुद्रातलं काय कळणार." आणि निघून गेली.

संध्याकाळी पालानी न्यायला आला तेव्हा हौनानी मला पुढ्यात घेऊन बसली होती.

"काय गं, कोण गेलं?"

"तुझे खापरपणजोबा. मी खोडरबरानं घालवले."

तो हसायला लागला. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्याचं हसू विरलं. ओल्या शर्टानंच तो बाकावर बसला. "गेल्या महिन्यात एकावर भाला टाकला होता मी," तो म्हणाला. "चुकला, नशीब. काय होतं गं त्या पानावर?"

"रेघोटी समजून घासली मी, नीट बघितलीही नाही. आणि ते मला विचारतोस? वीस वर्षं घरात कोण होतं?"

आता माझी पाळी होती. मला हात नाहीत, पण कागद आहे. ऊन आंब्याखालून तिरपं आत आलं होतं. हौनानीनं मला बंद करायला उचललं, पान कलंडलं, आणि ती थांबली. शिसं गेलं होतं, चर राहिला होता. पोटावर चंद्रकोर, परावर दोन खाचा. बाकीच्यांनी हलक्या हातानं लिहिलं होतं, ते मला धरता आलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण तूतूचा जोर मी घट्ट धरून ठेवला होता.

"दे पेन, गिरवून टाकतो," पालानी म्हणाला.

"हात लावू नकोस. आधी त्यांच्याकडे जाऊ."

तूतू पडवीत बसली होती, पाठ फिरवून. हौनानीनं मला तिच्या मांडीवर उघडलं आणि तिचं बोट धरून पोटाजवळ टेकवलं. बोट थरथरत चालू लागलं, चरात शिरलं आणि थरथर थांबली. कोर. एक खाच. दुसरी खाच.

पालानी खाली पायरीशी बसला. "तूतू, ही खूण दाखव ना मला."

"आत्ता विचारतोस होय! मला वाटलं, मी मेल्यावर विचारशील."

"मासा तो मासा म्हणालो होतो ना, ते चुकलं माझं."

"दहा वर्षांचं पोर बरोबर असतं कधी?" तूतू म्हणाली. मग तिनं हौनानीचं बोट धरलं आणि आपल्या बोटाखाली त्या चरात घातलं. "आधी हिला. पुसणारीनंच नीट लक्षात ठेवायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं किनाऱ्यावर गेली. मलाही नेलं, वाऱ्यानं पानं फडफडू नयेत म्हणून माझ्यावर गोटा ठेवला. हौनानीनं ओल्या वाळूत खूण काढली, लाटेनं ती नेली, पालानीनं पुन्हा काढली. पहिल्यांदा खाचा तीन झाल्या. तूतूनं तळव्यानं चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "एक जास्त. आजोबांना जखमी करू नकोस." तिसऱ्या खेपेला जमलं. त्या दिवसापासून पालानी पाण्यात शार्क दिसला की भाला खाली करतो आणि आधी त्याचं पोट बघतो.

मी आता वाचनालयात नाही. हौनानीनं स्वतःच माझ्या नावापुढे "रेघोट्या आहेत, काढून टाकावे" असं लिहिलं आणि मला घरी आणलं. पोईच्या लाकडी वाडग्याशेजारी मी असतो. माझ्या दोन पानांना पोई लागली आहे. घुबडाकडची हे नाव अजून चालूच आहे, पण हल्ली तूतू ते हाक मारायला वापरते. मागच्या आठवड्यात म्हणाली, "अगं घुबडाकडचे, तुमच्या त्या पक्ष्याचं तोंड चित्रात बरोबर आहे का? की तेही चुकलंय?"

"चुकलंय," हौनानी म्हणाली. "आमच्याच्या कपाळावर पांढरं पीस आहे."

"मग वाट कुणाची बघतेस? येणाऱ्या पोराला दोन्हीकडचं लागेल."

तुम्हाला एवढंच सांगणं, की जुन्या पुस्तकात कुणाची रेघ दिसली तर खोडरबर उचलण्याआधी पान जरा उन्हाकडे कलतं धरा. मला आता थांबायला हवं. हौनानीनं घुबडाचं पान उघडलं आहे आणि ती पेन्सिलीला टोक काढते आहे. दुखणार आहे थोडं. तूतू शेजारून बजावते आहे, "जोरात दाब गं, जोरात."