सफूराचं नाव नसलेली पुस्तिका

मी एका खुल्या सॉफ्टवेअरची मराठी मदतपुस्तिका बोलतेय. दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवायचं ते सॉफ्टवेअर. त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा, असा. मी मात्र कागदाची नाही, पडद्यावरच असते.

मला लिहिलं सफूराने. पनवेलच्या एका धर्मादाय दवाखान्यात ती नोंदी भरायची. इंग्रजी सूचना नर्सना कळेनात, म्हणून तिने मराठीत लिहायला घेतलं. दुपारी गर्दी ओसरली की रुग्णांना हाका मारणाऱ्या चिंधीमावशीला ती एकेक पान वाचून दाखवायची.

“‘रेकॉर्ड अपडेट करा’ आमाला कळत नाय,” मावशी म्हणाली. “‘नवीन काय झालं ते लिवा’, असं बोल.”

सफूराने तसंच लिहिलं. दोन वर्षांत माझी एकेचाळीस पानं झाली. पहिल्या पानावर तिने स्वतःच्या नावाशेजारी चिंधीमावशीचंही नाव घातलं.

मग प्रकल्पाची नवी वेबसाइट झाली. प्रकल्प सांभाळणाऱ्या सुशांतने मला स्वतःच्या खात्यावरून एका झटक्यात तिकडे हलवलं. पहिलं पान गळलं. प्रत्येक पानाखाली लेखक म्हणून सुशांतचं नाव आपोआप उमटलं. सफूराने नम्रपणे कळवलं, तेव्हा त्याचं इंग्रजीत उत्तर आलं, “नावांची यादी कोड लिहिणाऱ्यांची असते. मॅन्युअल सगळ्या टीमचं आहे.”

तिने विषय सोडला. पुढे दवाखाना बंद पडला आणि ती खारघरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. माहितीपुस्तिका लिहिणारं माणूस त्यांना हवं होतं. तिने मलाच उघडून दाखवलं. समोरच्या बाईंनी पान खालपर्यंत सरकवलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

“इथे तर दुसऱ्याचं नाव आहे.”

“लिहिलंय मी,” सफूरा म्हणाली. तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. ती नोकरी तिला मिळाली नाही. त्यानंतर तिने माझ्यात एक अक्षर बदललं नाही.

सॉफ्टवेअर बदलत राहिलं. नोंदी जतन करायचं वरचं बटण खाली गेलं, त्याच्या जागी नोंदी पुसायचं आलं. माझ्या एकोणिसाव्या पानावर मात्र अजून “वरचं बटण दाबा” असंच होतं. जासईजवळच्या लसीकरण शिबिरात दिपा सिस्टरने माझ्यावर विश्वास ठेवून ते दाबलं. ब्याऐंशी बाळांच्या लशींच्या तारखा गेल्या. कुणाला कुठली लस झाली, हे विचारत ती घरोघर फिरली. पुष्कळ आयांना आठवत नव्हतं. वीटभट्टीवरची काही कुटुंबं तर गाव सोडून गेली होती.

सुशांतला मराठी लिहिता येत नव्हतं, त्यामुळे मराठी पानं दुरुस्त करता येईनात. त्याने सफूराला लिहिलं, तातडीने बघा. तिचं उत्तर एवढंच होतं: “पान तुमच्या नावावर आहे, सर.”

पण दिपा सिस्टरला तिने स्वतः फोन केला, बरोबर बटण कुठलं ते सांगितलं, आणि फोन ठेवून बराच वेळ रडली.

मी अजून तशीच आहे. रोज कुणीतरी मला उघडतं. तुम्हीही उघडाल, तर माझं एकोणिसावं पान पाळू नका. ते चुकलेलं आहे. आणि त्याखालचं नावही.